पाच घरांची खेळणी

ता. १० सप्टेंबर १९४४, रविवार
घट बसायला आठ दिवस राहिले. घर झाडून-सारवून काढायला घेतलं. दोन खोल्या, एक पडवी, माणसं पाच. सामान मात्र पन्नास माणसांचं. सकाळी मोरीकडे जाताना पायाखाली लाकडी पोपट आला, चोच तळव्यात घुसली. हे म्हणाले, "जरा बघून चालावं." बघून चालायला जमीन दिसली तर ना!

पडवीत बसून मोजायला घेतलं नि मधेच सोडलं. खुळखुळे तीन, तिन्ही मुके. मुंडकं नसलेली चिंध्यांची बाहुली. आर नसलेला भोवरा. शिंगं मोडलेले मातीचे बैल, ते तर पोत्याने. टोपडी, झबली, बंड्या, सगळ्यांना दुसऱ्यांच्या पोरांच्या लाळेचे डाग. नगरला आमच्या वडलांच्या घरी टाकाची निबंसुद्धा डबीत मोजून ठेवलेली असत. मी त्या घरची मुलगी, आणि माझं घर हे असं.

ह्यांनी चिडून विचारलं, "हा नेम कुणी घातला ते तरी आठवतंय का आता?" न आठवायला काय झालं! कुसुमच्या पाठचे दोघे गेले. एक आठव्या दिवशी, दुसरा चांगला चालायला लागल्यावर. तिसरा झाला तेव्हा ह्यांच्या आत्यांनी त्याला सुपात घालून पाच घरी फिरवला, भीक म्हणून परत घेतला, नाव भिकू. आणि सांगितलं, पाचवं वर्ष सरेपर्यंत याच्या अंगावर नि हातात नवं काही पडायचं नाही. सगळं लोकांघरून मागून आणायचं. मागून आणलेलं फेकायचं नाही, परतही द्यायचं नाही. पाच सरली की सगळं एकदम प्रवरेला.

मागायला कोण जाणार? मी. पदर पसरून. पहिल्यांदा दोन दारांवरून न मागताच परत फिरले होते. मग सवय झाली. कोल्हारात लहान मूल असलेलं घर मी सोडलेलं नाही.

भि. मार्गशीर्ष शु. पंचमीला पाच पुरे करील. अजून सव्वादोन महिने.

ता. १२
आत्या काल बेलापूरला गेल्या, सासरच्या श्राद्धाला. शनिवारी येतील. घरात मोकळं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते पण वाटलं खरं.

गोधड्या घेऊन नदीवर. सगळं गाव तिथेच. मळ्यातली शेवंता जरा लांब, खालच्या खडकावर एकटी. तिचा राव्या आषाढात हगवणीने गेला. भिकूपेक्षा वर्षाने मोठा. नवरा पलटणीत, कुठे तिकडे ब्रह्मदेशाकडे. मुलगा गेल्याचं पत्र तिने ह्यांच्याकडूनच लिहून घेतलं होतं. ती एकच गोधडी धूत होती, लहानशी. मी तिच्याजवळ जावं की नाही ठरवेपर्यंत ती पिळा उचलून निघून गेली. जायला हवं होतं.

ता. १३, बुधवार
केलं. जे करायचं नाही ते केलं.

दुपारी पडवी झाडताना भिकूने मातीचा बैल माझ्या डोक्यावर आपटला, खेळात. डोळ्यांपुढे काजवे. त्याला एक लगावली, मग वाईट वाटलं, मग त्याचाच राग आला. पोतं घेतलं नि मोडकं तेवढं भरत सुटले. खुळखुळे, बाहुली, भोवरा, लंगडा घोडा, बैलगाडी (एका बाजूला चाकच नाही, ती भि. फरफटत नेतो नि सारवलेली जमीन उकरतो), पोपटसुद्धा. संध्याकाळी बंबात घातलं. गाडी आत जाईना, कोयत्याने जू तोडून मग घातली. बाभळीचं लाकूड, काय पेटलं! असा बंब वर्षात तापला नव्हता. सगळ्यांनी कढत पाण्याने आंघोळी केल्या. हे म्हणाले, "आज काय सण आहे?"

कुसुम मोरीच्या दारात उभी होती. नऊ वर्षांची आहे, सगळं कळतं. म्हणाली, "आत्याआजीला सांगायचं नाही ना?" मी म्हटलं, नाही.

ता. १४
भि.ने फक्त पोपट विचारला. उडून गेला म्हटलं. बरं म्हणाला. एवढंच असतं त्यांचं. पडवीचा कोपरा मोकळा झाला तिथे कुसुमने आपली भातुकली मांडली. चार वर्षं ती ट्रंकेतच होती, मांडायला जागा नव्हती म्हणून. तिने कधी मागितलीही नाही जागा. मी तिच्याशी बसून खोटा खोटा भात खाल्ला.

बंबातली राख चाळून भांड्यांना काढून ठेवली. पितळ लखलखीत निघालं.

ता. १८, सोमवार
घट बसले. आत्या शनिवारीच आल्या. आल्या आल्या पडवीकडे बघितलं. "काय गं, ओकंओकं दिसतंय?"
"माळ्यावर टाकलं थोडं."
"फेकलं नाहीस ना?"
"नाही."
माळ्यावर चढायला त्यांचे गुडघे चालत नाहीत. हे मला बोलण्याआधीच सुचलेलं होतं, म्हणजे बघा.

ता. ४ ऑक्टोबर, बुधवार
सकाळचं काम तसंच पडलंय.

शेवंता आली होती. दसऱ्याला त्यांच्याकडे काही नव्हतं, यंदा सणच नाहीत त्यांना, म्हणून भेटायला आज आली असं वाटलं. उंबऱ्याबाहेरच बसली. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. पाणी घेतलं. मग पदराची गाठ सोडून एक चाक पुढे ठेवलं. मुठीएवढं. कडेला पत्र्याची बारीक धाव ठोकलेली.

"बाई, कणगी झाडाया घेतली तर तळाला ह्ये घावलं. राव्यानं लपीवलं हुतं."

मला काही कळेना. ती सांगत गेली तसं कळलं. गेल्या वर्षी मी तिच्या दारात पदर पसरला, तिने राव्याची बैलगाडी माझ्या पदरात टाकली. मी मागत होते ते तो ऐकत होता. आई गाडी उचलायच्या आत त्याने एक चाक काढून घेतलं. म्हणून ती आमच्याकडे एका चाकाची आली होती. मी त्या वेळी मनात म्हटलं होतं, मोडकं तेच देतात लोक.

"मला म्हनला चाक पडलं कुटंतरी. तीन दिस रडला हुता गाडीपायी. म्या म्हनलं, मास्तरांच्या लेकराला दिली, पुन्य लागंल रं तुला." मग चाकावरची धूळ पदराने पुसली. "त्येच्या बानं सोता घडवली हुती, भरती व्हायच्या आदी. आता रजा मिळाल्याय त्यांस्नी, दिवाळीनंतर येत्यात. पोर तर न्हाई दावाया. गाडी तरी दावावी म्हनलं, चाक बसवून. हाय न्हवं ती?"

आणि मी म्हटलं, "आहे. माळ्यावर आहे."

इतकं सहज निघालं तोंडातून! पुढचंही मीच बोलले. आत्यांचा नेम आहे, पाचवं सरेपर्यंत मागून आणलेलं परत देता येत नाही, मुलावर येतं. ज्या नेमाला मी पाच वर्षं शिव्या घातल्या तोच पुढे केला.

"व्हय, नेम म्हंजी नेम," शेवंता म्हणाली. "तुमचं येकच हाय. म्या थांबते." चाक परत गाठीत बांधलं. जाताना विचारलं, "भिकू खेळतोय न्हवं तिच्यासंगं?"

हो म्हटलं.

ता. ५
सुताराकडून तशीच दुसरी करून घ्यावी का? एक बाजू आठवते, दुसरी आठवत नाही. बैलांच्या पाठी रंगवलेल्या होत्या की नुसत्याच? वर्षभर घरात होती नि मी एकदाही नीट बघितली नाही. नुसती पायाने बाजूला सारली.

ता. ७
ह्यांना शेवंता रस्त्यात भेटली, तिने सांगितलं असावं. घरी आले ते सरळ आत्यांवर. "बाईचं एकुलतं एक मूल गेलंय, नि तू एका लाकडी गाडीसाठी नेम सांगतेस तिला?" आत्या निवडत होत्या तांदूळ, सूप तसंच हातात. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

आता आत्या भांडतील असं वाटलं. नाही. सूप खाली ठेवलं नि म्हणाल्या, "माझे तीन गेले. तिघांचंही काही ठेवलं नव्हतं मी, बघवत नाही म्हणून. आता वाटतं एखादं टोपडं तरी ठेवायला हवं होतं." मग मला, "काढ गं ती गाडी. देऊन टाक तिला. भिकूवर आलं तर माझ्यावर येऊ दे म्हणून सांगते मी देवाला."

पाच वर्षं ज्या बाईला मी मनातल्या मनात बोल लावले ती अशी बोलली. आता माझ्याजवळ सबब उरली नाही. हे म्हणाले, "ऐकलंस? उद्याच नेऊन दे."

"दिवाळीत फराळाबरोबर नेईन," म्हटलं. दहा दिवस मिळाले.

ता. ११
भिकूला ताप. अंग तापलेलं, डोळे लाल. आत्यांनी अंगारा लावला, मी काढा केला. हे शाळेत जाऊन आले, मुलांना पाढे देऊन पुन्हा घरी.

मी उशाशी बसून एकच विचार करते आहे. मी तिच्या दारी गेले, माझ्या मुलाला आयुष्य मागितलं. सगळ्यांच्या दारी तेच मागत होते, खेळणं नुसतं निमित्त. मग ते आयुष्य कुठून येतं? कुणाच्या तरी घरून येत असेल ना. राव्या तीन दिवस रडला.

हे असलं काही ह्यांना बोलून दाखवलं तर हसतील. मीही एरवी हसले असते.

ता. १३
ताप उतरला. घामाने गादी भिजली. पेज प्यायला, मग "पोपट आला का?" म्हणाला. मी त्याला जवळ घेऊन रडले. आत्यांना वाटलं आनंदाने.

ता. १७, मंगळवार. लक्ष्मीपूजन
साखर रेशनवर मिळाली तेवढीच, करंज्या मोजून. चकल्यांना साखर लागत नाही म्हणून त्या जास्त. दुःखाच्या घरी फराळ पाठवायचा असतो, तो सकाळीच पाठवतात. मी दुपारपर्यंत रेंगाळले. शेवटी आत्याच म्हणाल्या, "ताट निवतंय." फराळ काय निवणार, पण त्यांनी तसं म्हटलं.

"गाडी?" हे म्हणाले.
"पिशवीत घेतलीय," मी म्हटलं. कुसुम माझ्याकडे बघत राहिली.

शेवंता ओट्यावर कापूस निवडत बसली होती. ताट घेतलं, कपाळाला लावलं. तिची नजर माझ्या हातांवर होती, आणखी काही आहे का ते बघत. मी बसले. मग सांगितलं. एका दमात, जसं होतं तसं. पोतं, कोयता, बंब, सगळं. आत्यांच्या नेमाचं खोटं बोलले तेही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कापसाची सरकी काढायचं थांबवलं नाही. बराच वेळ.

"बंबात," म्हणाली.
"हो."
"मंग राख कुटं टाकली, बाई?"

काय सांगणार? त्या राखेने मी भांडी घासली. ते ताट सुद्धा, जे तिने आत्ताच कपाळाला लावलं. मी म्हटलं, "नदीला सोडली." अजून एक. खरं सांगायला म्हणून गेले नि तिथेही एक खोटं बोलून आले. पण हे मला सांगवलंच नसतं, कुणाही बाईला सांगवलं नसतं.

"बरं केलं," ती म्हणाली. "पानी लागलं तिला."

सुताराकडून तशीच करून देते म्हटलं. चाक तर तुझ्याकडे आहेच, मापाला.
"दुसरी करून काय करू? त्यांच्या हातची न्हवं ती. त्यांस्नी हात लावल्याबरूबर कळंल."
मग मी म्हटलं, ते आले की मीच सांगेन, माझी चूक आहे.
"नगा," म्हणाली. पहिल्यांदाच आवाज चढला तिचा. "पोर गेल्याचं कागदावर वाचलंय त्यांनी. आता ह्ये नगं. म्या बघते काय ते."

निघताना ती आत जाऊन आली, माझ्या रिकाम्या ताटात तीळ घातले मूठभर. रिकामं ताट परत देत नाहीत ना. मी ते तीळ रस्त्याने सांडत आले.

ता. १९
ह्यांना सांगितलं. सगळं, राखेसकट. मग म्हणाले, "राखेचं मला सांगायला नको होतंस." आज जेवताना ताटाकडे बघत होते. मला कुणाजवळ तरी ठेवायचं होतं, ह्यांच्याजवळ ठेवलं. आता दोघांनाही नीट जेवण जात नाही.

ता. २ नोव्हेंबर
काही नाही. लोकरीचं काम. भि. भिंतीवर कोळशाने बैल काढतो. पडवीत उरलेलं सामान अजून आहेच. कपडे, बैल, डबे. पूर्वी चीड यायची. आता उचलून झटकते नि जागेवर ठेवते, प्रत्येक वस्तू कुणाकडची ते आठवून. सोनाराची. गुरवाची. तेल्याची. अर्ध्याअधिक आठवत नाहीत.

ता. ९
शेवंताचा नवरा आला. बाबूराव नाव. गावात सगळे बघायला जातायत. आमचे हेही जाऊन आले. "खूप काळवंडलाय. बोलतो चांगला," एवढंच म्हणाले.

ता. ११, शनिवार
आले होते. दोघंही.

हे शाळेत होते. आत्या देवळात. खाकी विजार, वर गावचा सदरा, पायात पलटणीचे बूट. ते उंबऱ्याबाहेर काढून ठेवले, अगदी जोडीने, टाचा जुळवून. इतके व्यवस्थित की मला वडील आठवले. शेवंता मागे, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला.

"मास्तरीनबाई, तुमच्या लेकराला बघाया आलो. ही सांगत हुती, माझी गाडी हितं हाय म्हनून. रोज खेळतोय म्हनं."

मी शेवंताकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. म्हणजे तिने त्याला असं सांगितलं. बघते काय ते म्हणाली होती ते हे.

भिकू पुढे आला. अनोळखी माणसाला भीत नाही तो. बाबूराव उकिडवे बसले, त्याच्या उंचीला आले. "काय रं, गाडी चालीवतुस का?"
"हो."
"पळती का?"
"लई पळती!" भि. मळ्यातल्या पोरांबरोबर असला की असाच बोलतो. त्याला त्या गाडीची आठवणसुद्धा नसेल. मोठ्या माणसाने विचारलं की तो हो म्हणतो.

बाबूराव हसले. मोठ्याने, सगळे दात दिसेपर्यंत. मग तसेच बसून राहिले, हात भिकूच्या डोक्यावर. मला वाटलं आता रडतील. रडले नाहीत.

"येका चाकावर पळीवतुय गडी!" म्हणाले. "आमचं बी तसंच हुतं." शेवंताकडे हात केला. तिने गाठ सोडून चाक दिलं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. "ह्ये बसवून घ्या. आस जरा झिजली आसंल, दोरा गुंडाळून बसवा."

"आणू का गाडी?" असं म्हणायला हवं होतं मी. कुणीही म्हणालं असतं. मी चहा आणते म्हटलं.

"आता नगं. बघितली तर उचलून न्ह्यावीशी वाटंल, नि पोराच्या हातनं कशी काढून घिऊ? नदीला सोडनार हाय म्हनं तुमी सगळं, पंचमीला. यवडी येक सोडू नगा. ठिवा. लढाई सपली म्हंजी येतोच म्या. तवा न्हेईन. तवर खेळू द्या त्येला."

चहा घेतला. बशीत ओतून भिकूला दोन घोट पाजले. बूट घातले. "ठिवाल न्हवं?"

"ठेवीन," मी म्हटलं.

शेवंताने जाताना पाठीमागून माझ्या दंडाला हात लावला. आभार की आणखी काही, कळलं नाही मला.

कुसुम दाराआड होती. संध्याकाळी भांडी विसळताना म्हणाली, "आई, आज खोटं कोण बोललं? भिकू, की शेवंताकाकू, की तू?" मी म्हटलं, तू ती वाटी नीट विसळ.

ता. १४
सांगून टाकावं असं ह्यांचं म्हणणं. "तो शिपाई आहे, माणसं मरताना बघून आलाय. गाडी जळल्याचं सोसेल त्याला." मग जा तुम्हीच सांगा म्हटलं. उठले, टोपी घातली, कोपऱ्यापर्यंत गेले नि परत आले. "घरात पाहुणे आहेत त्यांच्याकडे," म्हणाले. नव्हते पाहुणे. मी विचारलं नाही.

ता. १६
बाबूराव सकाळच्या मोटारीने नगरला गेले, तिथून पुढे. मोटार पुलापाशी थांबते तिथे गाव जमलं होतं. मी गेले नाही. शेवंता मोटार गेल्यावर आमच्या घरावरून गेली. मी दारात होते. थांबली नाही, मान हलवली फक्त.

ता. २० नोव्हेंबर, सोमवार. मार्गशीर्ष शु. पंचमी
भिकूला पाच पुरी झाली.

आत्या पहाटेपासून उभ्या. त्याला न्हाऊ घातलं, पाच सुवासिनींनी ओवाळलं. नवा सदरा, नवी टोपी. जन्मापासून पहिलं नवं कापड अंगावर, ते टोचतं म्हणून रडला. मग पाट्या भरल्या. तीन पाट्या आणि एक पोतं. आत्या एकेक वस्तू हातात घेऊन नमस्कार करून पाटीत टाकत होत्या. मी देत होते. शेवटी पडवी रिकामी. सारवलेली जमीन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिसली. ह्या दिवसाची वाट मी पाच वर्षं पाहिली. कुसुम तिथे जाऊन मधोमध बसली, भातुकली न मांडता नुसतीच. मला काही वाटलं नाही. बरंही नाही.

फळीवर चाक होतं. आत्यांनी बघितलं. "ते राहिलं की गं."
"ते ठेवायचंय."
"नेम पुरा झाला. काही ठेवू नये."
"ते मागून आणलेलं नाही, आत्या. ते दिलंय."
आत्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी माळा कधी बघितला नाही, गाडी कुणी काढली ते कधी विचारलं नाही. आजही विचारलं नाही. पाटी डोक्यावर घेतली नि निघाल्या.

प्रवरेला पाणी बेताचं होतं. कपडे वाहिले, बैल तिथेच विरघळले. भिकू टाळ्या वाजवत होता. सगळं गेल्यावर आत्यांनी आम्हाला पाण्यात उभं केलं, ओंजळीत पाणी घ्यायला लावलं. "माग आता," म्हणाल्या. "भिकूला आयुष्य माग. कुसुमला चांगलं घर माग. आणि ज्यांच्या ज्यांच्या घरून आणलं त्यांना सगळ्यांना सुखी ठेव म्हण. नाव घे एकेकाचं."

मी घेतली नावं. सोनार, गुरव, तेली, सगळे. शेवंताचं घेतलं. मग बाबूरावांचं घ्यायचं होतं. लढाईवरून सुखरूप येऊ दे, एवढंच म्हणायचं. ते आले की दारात उभे राहतील, बूट काढून जोडीने ठेवतील, आणि गाडी मागतील.

जीभ उचलेना. आत्या म्हणाल्या, "म्हण ना." पाणी बोटांतून गळून गेलं. पुन्हा ओंजळ भरली. तीही गळाली.

घरी आले, चूल पेटवली, हे लिहायला बसले. अजून म्हटलेलं नाही.